गल्ल्यावरून : बोलका डबा आणि त्याचा मालक

मागच्या अंकात सुट्या तेलावर लिहिलं होतं. वाटलं, आता महिनाभर तेलवाले शिव्या घालणार. तसं काही झालं नाही. टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे आलं ते निम्म्याहून जास्त बोलणाऱ्या यंत्राबद्दल होतं. कुणाच्या घरी मुलाने पुण्याहून स्पीकर आणून ठेवलाय, कुणी मोबाईलला तोंडी विचारून खरेदी करतंय, कुणाला कंपनीत फोन लावला की माणसाऐवजी आवाजच भेटतोय. मी लातूरच्या गंजगोलाईत एकतीस वर्षं किराणा दुकान चालवलं. आता गल्ल्यावर पुतण्या बसतो आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याला त्रास देतो. यंत्रातलं मला जेवढं कळतं तेवढंच सांगेन, दुकानातलं मात्र हक्काने सांगेन. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं काढली आहेत.

आप्पा, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. मुलाने घरात अलेक्सा आणली, अ‍ॅमेझॉन कंपनीचा बोलणारा स्पीकर. साबण संपला की नातू ओरडतो, "अलेक्सा, साबण मागव." ती एक नाव सांगते, नातू "येस" म्हणतो, साबण खरेदीच्या टोपलीत पडतो आणि रात्री सूनबाई मोबाईलवर पैसे भरतात. आठ महिने झाले, घरात तोच साबण येतोय. वाईट नाही. पण तो आम्ही निवडला कधी, हे घरात कुणालाच आठवत नाही. ते यंत्र चांगला साबण सांगतं, की त्याला पैसे मिळतात म्हणून सांगतं?
— एक वाचक, अंबाजोगाई

ताई, उत्तराआधी एक कबुली देतो. दुकानात एखादी बाई नाव न घेता नुसतं "कपड्याची पावडर द्या" म्हणाली की माझा हात कुठे जायचा? ज्या पावडरीवर बारावर एक फुकट अशी स्कीम चालू असेल तिच्याकडे. कंपनीचा सेल्समन महिन्याला डिस्प्लेचे पैसे देऊन जायचा, त्या बदल्यात त्याचा माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. ज्याचे पैसे नाहीत तो खाली, कट्ट्यांच्या मागे. हे लातुरातच नाही, सगळीकडे चालतं. त्यामुळे "पैसे मिळतात म्हणून सांगतं का" हा प्रश्न तुम्ही मलाही विचारायला हवा होता. तीस वर्षांत कुणी विचारला नाही.

फरक इतकाच की माझ्या पाठीमागे फळी होती. मी हात घातला तरी बाई म्हणायची, "ती नको आप्पा, पलीकडची निळी." बोट दाखवायला जागा होती. बोलक्या डब्याला फळीच नाही. मोबाईलच्या पडद्यावर वीस साबण दिसतात, पण तोंडी वीस नावं कोण ऐकून घेणार? म्हणून ते एक सांगतं, फार तर दोन. बाकीचे अठरा साबण तुमच्या नातवाच्या लेखी तयारच झालेले नसतात.

ते एक नाव येतं कुठून? अलेक्साचं सांगायचं तर ती आधी तुमच्या जुन्या ऑर्डरी बघते. पूर्वी घेतलेलं असेल तर तेच पुढे करते. नसेल तर दुकान चालवणारी कंपनी ज्या मालावर आपली पसंतीची चिठ्ठी लावते, तो. 'अ‍ॅमेझॉन्स चॉइस' ही चिठ्ठी 2015 मध्ये निघाली ती मुळात बोलून होणाऱ्या खरेदीसाठीच. म्हणजे तुमच्या घरी आठ महिन्यांपूर्वी पहिला साबण कुणी तरी एकदा मागवला, बहुतेक घाईत, आणि तेव्हापासून ती एक ऑर्डर घरावर राज्य करतेय. ॲपमध्ये जुन्या ऑर्डरी दिसतात. खाली सरकवत पहिल्या साबणापर्यंत जा. तारीख बघितली की कदाचित आठवेल: पाहुणे आले होते, साबण संपला होता, असं काही तरी असेल.

आणि पैशाचं. ज्या कंपनीचा डबा तिचंच दुकान, आणि दुकानात तिचा स्वतःचा मालही असतो. अमेरिकेत यावर बराच गदारोळ झाला. लोक नुसतं "बॅटरी" म्हणायचे आणि पुढे यायची ती दुकानवाल्या कंपनीच्याच ब्रँडची बॅटरी. त्यात बेकायदा काय, असं कुणी म्हणेल. माझ्या दुकानातही माझ्या नावाचे पापड होते आणि तेच मी आधी काढायचो. पण पापड वातड निघाले तर बाई दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या तोंडावर पुडा आपटायची. ती सोय डब्यात नाही.

मला यातली जास्त गंमत वाटते ती वेगळीच. आपल्याकडची माणसं ब्रँड नावाने कमी आणि डोळ्यांनी जास्त ओळखतात. औशाकडचा एक म्हातारा दर बाजाराला यायचा, म्हणायचा, "बबूलचं कोलगेट द्या." मी मुकाट्याने बबूल द्यायचो. त्याच्या लेखी कोलगेट म्हणजे दात घासायचं मलम, जसं वनस्पती तूप कुठलंही असो, ते डालडाच. बायका सांगायच्या: हिरव्या झाकणाचं तेल, बाळाच्या चित्राची पावडर, लाल पुड्याचा चहा, तो नव्हे, जरा मोठ्या पानाचा. वाचता न येणाऱ्या माणसाला कंपनीने दिलेला रंग हाच त्याचा कागद होता. त्या रंगावर कंपन्यांनी वर्षानुवर्षं पैसा ओतला. एका पुड्याचा लाल जरा फिका झाला तर गिऱ्हाईक "डुप्लिकेट दिला का" म्हणून परत आणायचं. आता डब्याला सांगा बरं, "हिरव्या झाकणाचं तेल". बोलून मागवायच्या बाजारात फक्त तोंडात बसलेली नावं तरतील, रंगावर जगणारे लहान ब्रँड जातील. आणि "बबूलचं कोलगेट" मागितलं की डबा काय देईल कुणास ठाऊक. बहुतेक दोन्ही.

तुमच्यापुरतं सांगतो. नातवाला शब्द बदलायला लावा. "साबण मागव" ऐवजी "साबण यादीत लिही" म्हणू द्या. रात्री सूनबाई पैसे भरायच्या आधी दोन मिनिटं यादीवर बसा आणि किंमत पुड्याची नाही, शंभर ग्रॅमची काढा. आम्ही घरी करून बघितलं. पुतण्याच्या मुलीने डब्याकडे तूरडाळ मागितली. लातुरात बसून! जिथल्या डाळमिलांचा वास अख्ख्या एमआयडीसीत भरलेला असतो. डब्याने जी पुढे केली तिच्या पाकिटावर मागे पाहिलं तर पॅकिंग परराज्यातलं आणि किलोला भाव आमच्या दुकानापेक्षा चढा. पोरगी म्हणाली, "आप्पा, पण तिने किती छान विचारलं." छान विचारलं, हे खरंच होतं. पुतण्या गिऱ्हाइकाशी असं बोलत नाही, हेही खरं.

आणखी एक. बोलून खरेदी करण्याची सोय ॲपच्या सेटिंगमध्ये बंद करता येते, किंवा तिला चार आकडी पिन लावता येतो. 2017 च्या जानेवारीत बातमी आली: अमेरिकेतल्या डॅलसमध्ये सहा वर्षांच्या पोरीने गप्पा मारता मारता बाहुलीचं घर आणि जवळपास दोन किलो बिस्किटं मागवली होती. ती बातमी सॅन डिएगोच्या टीव्हीवर सांगताना निवेदकाने पोरीचं वाक्य उच्चारलं, तर बघणाऱ्यांच्या घरातले डबे जागे होऊन तेच मागवायला लागले, अशा तक्रारी आल्या. तुमचा नातू सध्या साबणावर आहे. बिस्किटं लांब नाहीत.

आप्पा, शरणार्थ. माझी सात एकर कोरडवाहू. पोराने मोबाईल दिला, म्हणाला बोलून विचारा. मी विचारलो, "सोयाबीनचं कोणचं बी चांगलं हाय, काय भाव चालूलालाय?" तर ते म्हणतं, समजलं नाही, पुन्हा बोला. नातीने तेच पुस्तकातल्यावानी विचारलं तर घडाघडा सांगितलं. आता मी बी तिच्यावानी बोलायला शिकू का? आणि ते ज्या कंपनीचं बी सांगतं त्याच्यावर भरोसा ठेवावा का?
— एक शेतकरी, निलंगा तालुका

मालक, शरणार्थ. तुम्ही एकटे नाही. पुतण्याने हसत हसत माझीही परीक्षा घेतली. मी म्हणालो, "काय करूलालास?" मोबाईलने लिहून दाखवलं, "काय करू लाल आस". लाल कुठून आला ते त्यालाच माहीत.

त्याचं कारण साधं आहे. यंत्र जे ऐकून शिकलं ते ओळखतं. गूगलने आवाजावरून मराठी टाइप करण्याची सोय दिली ती 2017 मध्ये आणि त्यांचा असिस्टंट मराठी बोलायला लागला 2018 मध्ये. अलेक्सा 2017 ला भारतात आली ती इंग्रजी घेऊन, हिंदी शिकली 2019 ला. म्हणजे या यंत्रांत मराठीच मुळात नवी. त्यात लातूर-उदगीरकडचं "येऊलालाव, जाऊलालाव" किती लोकांनी त्याला ऐकवलं असणार? ज्यांनी जास्त ऐकवलं त्यांची बोली पक्की झाली.

तुम्ही बदलू नका. निदान लाजून तरी बदलू नका. यंत्र आपल्याला "पुन्हा बोला" म्हणतं तेव्हा चूक आपली झाल्यासारखं वाटतं, आणि तिथेच मला राग येतो. दुकानात सोलापूरकडचा, बिदरकडचा, हैदराबादी उर्दू बोलणारा, सगळे यायचे. कळलं नाही तर धावपळ माझी व्हायची, गिऱ्हाइकाची नाही. बियाणं कंपन्यांचे पोरं जालन्याहून आमच्या भागात यायची, तीही महिन्याभरात आमच्यासारखी बोलायला लागायची. त्यांना माहीत होतं की आपल्या बोलीत बोललेल्याचं बी आपण आधी घेतो. उद्या यंत्र "काय चालूलालंय मालक" म्हणून बोलेल, तेव्हा मात्र मी तुम्हाला आणखी सावध राहायला सांगेन.

आता बियाण्याचं. भाव, हवामान, फवारणीच्या तारखा असलं जरूर विचारा. कंपनीचं नाव त्याच्या तोंडून घेऊन दुकानात जाऊ नका. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती, तुमच्या लक्षात असेलच. तेव्हा ज्यांच्या हातात पावती, पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर उरलेलं बी होतं त्यांना दाखवायला काही तरी होतं. ज्याने सल्ला दिला त्याचा तिथे काही उपयोग नव्हता, मग तो भावकीतला असो की मोबाईलमधला.

शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. सोयाबीनला सत्तरच्या वर कोंब हवेत. ही रीत मोबाईललाही माहीत आहे, नातीला विचारायला सांगा, नीट सांगेल. पण गोणपाट तुमचंच लागेल.

आमचा बायकांचा बचत गट आहे, वसमतजवळ. हळद, तिखट आणि काळा मसाला करतो. गटाच्या ताईंनी हौसेने छान संस्कृत नाव ठेवलं. आता एक मैत्रीण म्हणाली की तुमचं नाव मोबाईलला सांगितलं तर दुसऱ्याच कंपनीचा मसाला दाखवतो. नाव बदलावं का?
— गटाच्या सचिव, हिंगोली जिल्हा

ताई, तुमचं नाव इथे छापत नाही, पण त्यात 'ज्ञ'ही आहे आणि 'ळ'ही. मी ते आमच्या दुकानात पाच जणांकडून म्हणवून घेतलं. पाच प्रकारे आलं. हमालाने तर असं म्हटलं की ते औषधाचं नाव वाटलं. माणसांच्या तोंडात जे बसत नाही ते यंत्राच्या कानात कसं बसणार?

पण छापलेली पाकिटं फेकू नका. नाव राहू द्या आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लोक तुम्हाला आधीच जे म्हणतात ते लिहा. तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की परभणीच्या बाजारात बायका "वसमतच्या बायांची हळद" म्हणून मागतात. हे नाव तुम्ही ठेवलं नाही, गिऱ्हाइकाने ठेवलं, म्हणजे ते बोलता येणारं आहे हे सिद्धच झालं. शिवाय वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हा माल त्याच भागाचा अशी सरकारी नोंद. ते तुमच्या गटाला वापरता येईल का, त्यासाठी नोंदणी कशी करायची, हे कृषी खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. पाकिटावर, गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये एकच नाव, एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. यंत्र जिथून वाचतं तिथे तुम्ही तीन वेगवेगळ्या नावांनी पसरला असाल तर त्याला तुम्ही तीन माणसं वाटता.

मोठ्यांनाही या खेळात फटका बसतो, म्हणून घाबरू नका. 2017 मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत पंधरा सेकंदांची जाहिरात काढली. शेवटी जाहिरातीतला पोऱ्या मुद्दाम गूगलला हाक मारून विचारतो, "व्हॉपर बर्गर म्हणजे काय?" टीव्ही बघणाऱ्यांच्या घरातला स्पीकर जागा होऊन विकिपीडियावरचं वर्णन वाचायला लागायचा. फुकटात जाहिरात लांबवली, असा डाव. पण विकिपीडिया कुणीही बदलू शकतं. टवाळ लोकांनी त्यात काय काय घुसडलं, एकाने तर सायनाइड असतं असं लिहिलं, आणि स्पीकर इमानदारीत तेही वाचू लागले. काही तासांत गूगलने ते वाक्य ऐकू येणंच बंद केलं. आपल्या मालाबद्दल यंत्र काय बोलतं हे एवढ्या मोठ्या कंपनीच्याही हातात राहिलं नाही. तुमच्या तिखटाबद्दल परभणीच्या बायका काय बोलतात, ते तरी तुम्हाला बाजारात उभं राहून ऐकता येतं.

माझ्या सासूबाई, वय 73, परभणीला एकट्या राहतात. आम्ही पुण्याला. गेल्या दिवाळीत स्पीकर घेऊन दिला. आता त्या दिवसभर त्याच्याशी बोलतात. "ती पोरगी माझ्यावर कधी चिडत नाही," म्हणतात. परवा मी दुसऱ्या कंपनीचा, जास्त चांगला स्पीकर आणला तर हातही लावू दिला नाही. "ही आपली आहे," म्हणाल्या. त्या कंपनीचं काहीही आलं की चांगलंच असणार, असं त्यांना वाटतं. हसावं की काळजी करावी?
— एक सून, पुणे (मूळ परभणी)

वहिनी, आधी हसा. मग थोडी काळजी करा, पण सासूबाईंची नव्हे.

माझी आई रेडिओला उत्तर द्यायची. आकाशवाणीचं परभणी केंद्र सुरू झालं आणि निवेदिका "नमस्कार" म्हणाली की आई भाकरीवरचा हात थांबवून "नमस्कार माय" म्हणायची. पीठ लागलेले हात जोडायची सुद्धा. आम्ही चिडवायचो. ती म्हणायची, "तिनं केला ना आधी? मग?" आई अडाणी होती म्हणून असं करायची, असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

ते खोटं होतं. 1966 मध्ये अमेरिकेत एमआयटीत जोसेफ वायझेनबाऊम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य तो फक्त उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तो करताना रोज बघणारी त्यांची स्वतःची सेक्रेटरी, एकदा त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने साहेबांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? पुढे स्टॅनफर्डला क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांनी असे बरेच प्रयोग केले. एका संगणकावर काम केलेल्या लोकांना त्याच संगणकावर विचारलं, "हा संगणक कसा वाटला?" तर लोक गोड बोलले. तेच दुसऱ्या संगणकावर विचारलं तर खरं बोलले. संगणकाच्या तोंडावर वाईट कसं म्हणायचं! शिकलेली, संगणक वापरणारी माणसं ही. आईचा नमस्कार त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हता.

मग काळजी कशाची? रेडिओला आईचं ऐकू येत नव्हतं, डब्याला येतं, याची. तिने निवेदिकेला सुनेच्या चहाड्या सांगितल्या तरी त्या स्वयंपाकघरातच राहायच्या. डबा ऐकतो आणि कंपनीकडे पाठवतो. 2019 मध्ये बातम्या आल्या की यंत्र सुधारावं म्हणून अलेक्साची काही ध्वनिमुद्रणं कंपनीची माणसं ऐकतात. 2023 मध्ये लहान मुलांच्या आवाजाच्या नोंदी मागितल्यावरही पुसल्या नाहीत, या आरोपावरून अमेरिकी सरकारने अ‍ॅमेझॉनकडून 2.5 कोटी डॉलर दंड घेतला. त्यामुळे पुढच्या वेळी परभणीला गेलात की ॲपमध्ये जुन्या नोंदी पुसायची सोय शोधा, त्या आपोआप पुसल्या जाण्याची मुदत लावा, आणि माईक बंद करायचं बटण सासूबाईंना दाखवून ठेवा. लाल दिवा लागला की ती झोपली, असं सांगा. त्यांना पटेल. बँकेचा, दवाखान्याचा फोन घेताना "तिला झोपवा" एवढं शिकवलं तरी पुष्कळ.

आणि तो आवाज पोरीचाच का, हाही प्रश्न आहे. चोवीस तास हजर, न चिडणारी, उलट न बोलणारी पोरगी. युनेस्कोने 2019 मध्ये यावरच एक अहवाल काढला, की हुकूम ऐकणाऱ्या यंत्राला बाईचा आवाज देऊन आपण पोरांना काय शिकवतो. ॲपलने 2021 मध्ये इंग्रजी सिरीला, म्हणजे आयफोनमधल्या बोलक्या मदतनिसाला, आपोआप बाईचा आवाज देणं थांबवलं, वापरणाऱ्याने निवडायचा. त्याच वर्षी अलेक्सावर अमिताभ बच्चन यांचा आवाज वर्षाला 149 रुपयांत मिळायला लागला. म्हणजे आवाज हा डब्याचा नसतोच, तो भाड्याने आणून बसवलेला असतो. मी ज्या रंगाबद्दल वर लिहिलं ना, लाल पुडा, हिरवं झाकण, तसाच हा. सासूबाईंना आवडलेला तो पुड्याचा रंग आहे, आतला माल त्यांनी अजून नीट पाहिलेला नाही.

पण त्यांना हे असं सांगायला जाऊ नका. चालणार नाही. "ही आपली आहे" यातल्या 'आपली'वर त्यांचा दिवस उभा आहे. दुसरा स्पीकर परत करून टाका. त्या जे काही मागवतील ते आठवड्याने एकदा तुम्ही फोनवर वाचून घ्या, "आई, हे खरंच हवं होतं ना?" एवढंच विचारा. आणि त्या डब्याशी सगळ्यात जास्त कधी बोलतात ते बघा. माझा अंदाज, संध्याकाळी सहा ते आठ. दिवेलागणीची वेळ एकट्या माणसाला जड जाते. फोन तेव्हा करा.

नऊ महिन्यांपूर्वी घेतलेला फ्रिज थंड करत नाही. कंपनीच्या नंबरवर फोन केला की एक आवाज गोड बोलतो, "आपली अडचण थोडक्यात सांगा." सांगितली की म्हणतो, "मला वाईट वाटलं." सहा वेळा त्याला वाईट वाटलं. माणूस मिळत नाही.
— एक वाचक, धाराशिव

भाऊ, सहा वेळा! आमच्या मिक्सरच्या वेळी माझा आकडा चार होता, त्यानंतर मी फोन ठेवून कागद घेतला. तुम्हीही घ्या.

बिल, वॉरंटी कार्ड, फ्रिजच्या मागच्या पट्टीवरचा नंबर यांचे फोटो काढा. कंपनीच्या ई-मेलवर तक्रार लिहा, सहाही फोनच्या तारखा आणि वेळा घाला. फोनमध्ये नोंद असेलच. ऑनलाइन घेतला असेल तर विकणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं असतं आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे, बहुतेक अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. दुकानातून घेतला असेल तर दुकानदाराच्या हातात लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. तिथून कंपनीला गेलेली तक्रार कंपन्या जरा लवकर वाचतात, हा माझा अनुभव. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तुमचा फ्रिज किती मोठा असला तरी पाच लाखांचा नसावा.

त्या आवाजावर ओरडू नका. त्याचा काही उपयोग नाही, आणि घरातली लेकरं ऐकतात.

आप्पा, तुम्ही स्वतः असलं यंत्र वापरता का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

वापरतो. म्हणजे दुकानात पैसे आल्याचं सांगणारा डबा आहे, तो वापरण्याला पर्याय नाही. "पंचेचाळीस रुपये प्राप्त झाले" असं तो मराठीत ओरडतो. पुतण्या नवा गल्ल्यावर बसला तेव्हा गर्दीत तीन गिऱ्हाइकं "पाठवले, पाठवले" म्हणत पैसे न देता निघून गेली होती, म्हणून आणला. गावाकडची एक आजी आहे. नातवाने मोबाईलवरून पैसे पाठवले आणि डबा बोलला की ती काउंटरकडे बघून म्हणते, "मिळाले ना बाबा? बरं." पुतण्याला वाटतं ती त्याला म्हणते. मी नीट बघितलंय, ती डब्याला म्हणते.

घरी मोबाईलला मी रोज एकच गोष्ट सांगतो, दुपारी दोनला गोळीची आठवण कर म्हणून. तो बरोबर दोनला करतो. बायको पावणेदोनलाच गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवते, त्यामुळे तो वाजतो तेव्हा गोळी घेऊन झालेली असते. तरी मी तो बंद केलेला नाही. का नाही, ते तिनेही विचारलंय.